आयुधपूजेनंतर हरवलेले एकवीस

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं माझ्यावर खूप हसलात. आजीच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याच्या बुडाला आणि त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एकच नंबर का रंगवलेला असतो, असं धाकटीने विचारलं. थोरला म्हणाला, आजी लायब्ररियन होती ना, तिला तूरडाळसुद्धा शिक्का मारून इश्यू करायची असते. हसा. पण उत्तर चुकलं. लायब्ररीत पंचवीस वर्षं काढली तोवर माझ्या डब्यांना नंबर नव्हते. ते आले कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या एका प्रकरणानंतर. ते प्रकरण आठवलं की अजून माझं डोकं तापतं. एकदाच नीट क्रमाने लिहून काढते, म्हणजे फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगायला नको.

आधी एक गोष्ट. यातली सगळी माणसं तमिळमध्ये बोलत होती, रागावल्यावर इंग्रजीत. मी ते मराठीत लिहिते आहे. माझं मराठी तुमच्या पुण्याच्या बाईंना जुनाट वाटेल. आमच्या घराण्याने ते तंजावुरात तीनशे वर्षं सांभाळलं आहे, थोडं पोचे पडलेलं असणारच.

आमचं मुलींचं कॉलेज. मी तिथे लायब्ररियन. नव्वदनंतर गावात गल्लोगल्ली कॉम्प्युटर शिकवण्याच्या पाट्या लागल्या आणि ज्या घरात टेलिफोन नव्हता त्या घरातली मुलगीही कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. मग आमच्या संस्थेनेही लॅब काढली. चोवीस कॉम्प्युटर. कुठल्या नावाजलेल्या कंपनीचे नव्हते ते, गावातल्याच एका माणसाने सुटे भाग आणून जोडलेले होते. दिसायला चोवीसही सारखे, जणू एका कुंभाराची मडकी. सगळे एका तारेने एकमेकांना जोडलेले.

लॅब सांभाळायला एक अटेंडंट होता. ओरत्तनाडूकडचा, पंचेचाळिशीचा. रोज सकाळच्या बसने यायचा, चपला दाराबाहेर काढायचा आणि मुली येण्याआधी चोवीसही पडदे पुसायचा. अकरा वर्षं तो तात्पुरताच होता. आधी आमच्याच लायब्ररीत, मग लॅबमध्ये. त्या वर्षी पहिल्यांदा त्याला कायम करण्याची फाइल संस्थेच्या सेक्रेटरींच्या टेबलापर्यंत पोचली होती. दिवाळीनंतर निर्णय व्हायचा होता. याबद्दल तो कुणाशी बोलायचा नाही, पण सेक्रेटरींची गाडी फाटकातून आत आली की त्याच्या हातातलं फडकं आपोआप जोरात चालायला लागायचं.

ते दोन हजार सालाच्या आधीचं वर्ष. एकतीस डिसेंबरच्या रात्री बारा वाजून एक मिनिटाने जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, अशी हूल उठली होती. सेक्रेटरींनी ती मनावर घेतली. आपली कुठली मशीन धोक्यात आहेत ते कळायला चेन्नईच्या एका कंपनीकडून त्यांनी एक सॉफ्टवेअर मागवलं. ते एका मशीनवर बसवायचं, मग ते तारेवरच्या प्रत्येक मशीनला विचारणार, तू कोण, तुझ्या पोटात काय काय आहे, आणि सगळ्यांची यादी आपोआप छापून देणार. बसवायला टाय लावलेला एक इंजिनिअर आला. टाय लावून तंजावुरात, सप्टेंबरमध्ये. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी त्याला सरळ विचारलं, "चोवीस सारख्या मशीनमधून हे एकेक ओळखणार कसं?"

तो म्हणाला, "मॅडम, प्रत्येक मशीनला आपण एक नाव टाइप करून देतो. शिवाय प्रत्येकात एक नेटवर्क कार्ड असतं, तार लावायचं. त्यावर कारखान्यातच एक बारा अक्षरांचा पत्ता कोरलेला असतो. जगात दोन कार्डांचा पत्ता सारखा नसतो. नाव आणि पत्ता दोन्ही जुळले तर ते जुनं मशीन. एक जरी जुळलं नाही तर ते नवं मशीन, त्याची नवी नोंद."

"आणि जुनी नोंद?"

"ती राहते. 'सापडत नाही' म्हणून."

मला हे ऐकायला बरं वाटलं. दोन खुणा घेणं हे शहाणपणाचं. आपल्या घरातच बघा. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. माझ्या सासऱ्यांना चार मुलगे, म्हणून त्यांच्या नावाचे चार नातू. त्यातला एक तुमचा मामा. लग्नाच्या मांडवात त्या नावाने हाक मारली की चौघं वळून बघायचे. मग एकाला पापनाशमचा म्हणायचं, एकाला चष्मेवाला, एकाला बँकेतला. पुढे चष्मेवाल्याची बदलीच पापनाशमला झाली आणि त्याची पत्रं सहा महिने दुसऱ्याच्या घरी जात राहिली. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मान डोलावून मी पहिल्या यादीवर सही केली. चोवीस मशीन, चोवीस नोंदी. सही मीच करायची, कारण दर वर्षी कॉलेजातल्या सामानाची मोजदाद करणाऱ्या समितीची प्रमुख मी होते. मोजण्याचं काम नेहमी लायब्ररियनच्या गळ्यात पडतं.

मग नवरात्र आलं.

तुमच्याकडे खंडेनवमीला गाडीला हार घालतात आणि संपलं. आमच्याकडे आयुधपूजा म्हणजे मोठं काम. ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते सगळं धुऊन-पुसून देवीपुढे बसतं आणि एक दिवस त्याला हात लावायचा नाही. रिक्षा, शिवणयंत्र, विळा, तराजू. लायब्ररीत आम्ही नोंदवह्या आणि शिक्के बसवायचो. त्या वर्षी लायब्ररी आणि लॅब यांची पूजा एकत्र होती, लायब्ररीच्या मोठ्या टेबलावर. मी रांगोळी बघत होते, चुंडल, म्हणजे प्रसादाची कोरडी उसळ, करायला भिजवलेले हरभरे कमी पडतील का ते बघत होते, पोरी, म्हणजे कुरमुरे, गुळासह पुड्यांत भरून घेत होते. तेवढ्यात अटेंडंट एक मोठं ताट घेऊन आला. ताटात पांढरं कापड, त्यावर हिरव्या छोट्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला एका कडेला पत्र्याची बारीक पट्टी, दुसऱ्या कडेला दातांसारख्या सोनेरी रेघा.

"अम्मा, मशीन तर इथे उचलून आणता येत नाहीत. ही ठेवू का?"

"स्वच्छ आहेत ना?"

"खोडरबराने घासलीत, अम्मा. दात चकचकीत झालेत बघा."

"मग ठेव, ठेव. पण किती आहेत?"

"चोवीस."

मी मोजल्या. चोवीस. मनाचं समाधान झालं. कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूच्या पाकळ्या. सेक्रेटरीही आले, त्याच ताटापुढे हात जोडून उभे राहिले, दोन पुड्या पोरी घेऊन गेले. त्या हिरव्या पट्ट्या कशाच्या होत्या हे ना त्यांनी विचारलं ना मी. मोजून झालं की काम झालं असं मला तेव्हा वाटायचं.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं आणि सोमवारी दुसरी यादी छापली. छापखान्याच्या कागदासारखा लांबच लांब कागद त्या कर्कश प्रिंटरमधून येतच राहिला. पंचेचाळीस नोंदी. चोवीस मशीन हजर, एकवीस 'सापडत नाही'.

मी लॅबमध्ये गेले. खोलीत चोवीस मशीन होती. पुन्हा मोजली. चोवीस. कमी नाही, जास्त नाही. मी परत येऊन म्हटलं, यादी चुकली आहे. पण यादी आधीच सेक्रेटरींच्या टेबलावर गेली होती.

त्यांनी मला बोलावलं. यादी टेबलभर पसरलेली, तिची शेपटी जमिनीवर.

"अम्मा, एकवीस मशीन गेलीत आणि त्यांच्या जागी एकवीस वेगळी आलीत. नीट वाचा. नावं तीच आहेत, आतलं वेगळं आहे."

"सर, खोलीत तीच चोवीस आहेत."

"डबे तेच असतील. सुट्टीचे चार दिवस किल्ली कुणाकडे होती? आतला चांगला माल काढायचा, बाजारातला टाकाऊ भरायचा, वर जुनंच नाव टाइप करायचं. नाव काय, कुणीही टाइप करेल. मशीन खोटं बोलत नाही, अम्मा."

"मशीन बोललेलंच नाही सर, यादी बोलते आहे."

"शुक्रवारी तुमच्या समितीचा अहवाल द्या. एकवीस नाहीत असं निघालं तर मी पोलिसांत कळवणार. आणि ती फाइल," त्यांनी डावीकडच्या गठ्ठ्याकडे हात केला, "ती मी परत पाठवणार."

म्हणजे अकरा वर्षांची नोकरी चोर म्हणून संपायची, ती माझ्या सहीने. माझ्या हातात चार दिवस होते.

लॅबमध्ये आले तर अटेंडंट फडकं हातात धरून नुसता उभा. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"काय झालं सुट्टीत? खरं सांग."

"मी काही नेलं नाही, अम्मा."

"ते मला माहीत आहे. पण मशीनना कुणी हात लावला?"

तो दाराकडे बघत राहिला. दारावर सेक्रेटरींच्या सहीची इंग्रजी नोटीस चिकटवलेली होती, कॅबिनेट, म्हणजे मशीनचा डबा, कुणीही उघडू नये. मला वाटलं, तो दुसरीकडे बघतो म्हणजे काहीतरी लपवतो आहे. बघा, अकरा वर्षं ज्या माणसाबरोबर काम केलं त्याला ओळखायला आपल्याला किती वेळ लागतो.

मंगळवारी इंजिनिअर आला, तोच टाय. मी म्हटलं, "तुमच्या सॉफ्टवेअरने एकाचे दोन केले आहेत. ते नीट करा."

"डुप्लिकेट असतील तर विलीन करता येतात, मॅडम. एकच खूण घ्यायची. कशावर करू?"

"नावावर करा."

"नावावर केलं तर चोवीसच राहतील. पण सेक्रेटरी सर म्हणतात, नाव पुरावा होत नाही. आपण मुख्य बोर्डाच्या सिरीयल नंबरवर करू. तो टाइप करून बदलता येत नाही."

त्याने कळ दाबली. पडद्यावरचा आकडा बदलला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"एक? हे एक काय आहे?"

"एक मशीन, मॅडम." त्याचाही चेहरा उतरला होता. त्याने थोडं खाली-वर करून पाहिलं. "तुमची मशीन जोडून घेतलेली आहेत ना. बोर्डावर नंबर भरायचा असतो, जोडणाऱ्याने तो कुणातच भरलेला नाही. सगळ्यांचा रकाना रिकामा. रिकामं आणि रिकामं सारखंच. म्हणून सिस्टिम म्हणते, सगळी एकच."

"सकाळी पंचेचाळीस होती, आता एक आहे. संध्याकाळपर्यंत शून्य होईल का?"

"सिस्टिम तसं म्हणते, मॅडम, मी काय करू?"

"तुम्ही खोलीत बघा. डोळ्यांनी. किती आहेत?"

त्याने मान वर करून खोलीत बघितलं. मला शपथेवर सांगावंसं वाटतं की तोवर त्याने बघितलंच नव्हतं. शेवटी त्याने फ्लॉपीवरून जुन्या नोंदी परत आणल्या, पुन्हा पंचेचाळीस झाल्या, आणि तो तीनच्या गाडीने निघून गेला.

घरी आल्यावर मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"म्हणजे तुमच्या लॅबमध्ये मशीनना पिल्लं होतात," ते म्हणाले. "एकवीस. तीही नवरात्रात. शुभ आहे."

"अहो, एका माणसाची नोकरी जाते आहे आणि तुम्हाला थट्टा सुचते."

"थट्टा नाही गं. चष्मेवाल्याची पत्रं आठव. पत्रं हरवली नव्हती, माणूसही हरवला नव्हता. पापनाशम हे लेबल एकाचं दुसऱ्याकडे गेलं होतं. आपण ते शोधलं कसं?"

शोधलं होतं मीच. चौघांकडून सगळे लिफाफे मागवून जमिनीवर मांडले होते. कॉफीचा पेला तसाच ठेवून मी उठले आणि टेबलाच्या खणात कोरी कॅटलॉग कार्डं किती उरली आहेत ते पाहिलं. तुम्ही ती पाहिली नसतील. लायब्ररीत प्रत्येक पुस्तकासाठी एक जाड कागदाचं कार्ड असायचं, तळहाताएवढं. भरपूर होती.

बुधवारी लायब्ररीतल्या वाचनाच्या टेबलावरून मी मुलींना उठवलं. त्या कुरकुरल्या, मी ऐकलं नाही. पंचेचाळीस नोंदींची पंचेचाळीस कार्डं स्वतःच्या हाताने लिहिली. वर नाव, खाली बारा अक्षरांचा पत्ता, कोपऱ्यात 'आधीची' किंवा 'नंतरची'. मग नावाप्रमाणे मांडली. एकवीस नावांची दोन-दोन कार्डं, तीन नावांचं एक-एक. हे सॉफ्टवेअरने सांगितलंच होतं. मग सगळी गोळा केली आणि पत्त्याप्रमाणे मांडली. हे त्याने सांगितलं नव्हतं, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

एकवीस पत्त्यांची दोन-दोन कार्डं. तीन पत्त्यांचं एक-एक.

मी खुर्चीवर बसले. बाजारातला एकही नवा पत्ता त्यात नव्हता. आधी जी चोवीस नेटवर्क कार्डं लॅबमध्ये होती तीच चोवीस नंतरही होती. काही गेलं नव्हतं, काही आलं नव्हतं. दुसऱ्या मशीनचं कार्ड सातव्यात, सातव्याचं एकविसाव्यात, एकविसाव्याचं पुन्हा दुसऱ्यात, असे ते पत्ते खोलीतल्या खोलीत फिरले होते. तीन मशीनना नशिबाने स्वतःचंच परत मिळालं होतं. डब्याचं झाकण दुसऱ्या डब्याला लागावं, एवढीच गोष्ट.

पण आपल्या पायांनी काही ती फिरली नव्हती. कुणीतरी चोवीसही एकदम बाहेर काढली होती. ते कळल्याशिवाय सेक्रेटरी ऐकणार नव्हते.

मी लॅबमध्ये गेले. मुली जेवायला गेल्या होत्या. अटेंडंटला म्हटलं, "एक डबा उघड."

"अम्मा, नोटीस."

"माझ्यासमोर उघड. मी सांगते आहे."

त्याने स्क्रू काढले. हात सराईत होते, खिशातच स्क्रूड्रायव्हर होता. झाकण निघालं आणि आत तार लागते ते नेटवर्क कार्ड म्हणजे तीच हिरवी पट्टी दिसली, कडेला पत्र्याची बारीक पट्टी असलेली. पत्र्याच्या भोकाशी लाल ठिपका होता. मी बोटाने पुसला. कुंकू.

माझ्या हातचं कुंकू. ताट, पांढरं कापड, खोडरबर, झेंडू, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"हीच ती ताटातली?"

"हो, अम्मा."

"दर वर्षी काढतोस?"

"तिसरं वर्ष. आपल्याकडे दमट हवा. पाऊस सुरू झाला की दात काळे पडतात, मग तार लागत नाही. मुली ओरडतात. काढून घासून ठेवली की वर्षभर बघायला नको. विजयादशमीला सकाळी येऊन परत बसवली. कुठलं कुठे, हे नाही बघितलं. सगळी सारखीच चालतात. आजवर कुणाला कळलंही नाही."

आणि ते खरं होतं. तीन वर्षं कार्डं फिरत होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते बघणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा.

"मग सोमवारीच का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं ना तुला, मशीनना कुणी हात लावला?"

त्याने झाकण परत लावलं, चारही स्क्रू घट्ट केले, मग म्हणाला, "मी म्हटलं, अम्मांना आठवेल. ठेव म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. मोजलीतसुद्धा."

तो रागाने नाही बोलला.

शुक्रवारी सेक्रेटरींच्या खोलीत मी पंचेचाळीस कार्डं त्यांच्या टेबलावर मांडली. आधी नावाने, मग पत्त्याने. मुलांना शिकवतात तसं. ते हुशार माणूस, दुसऱ्या मांडणीतच त्यांना कळलं. कळल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात ते म्हणाले, "ठीक आहे, चोरी नाही. पण कॅबिनेट उघडले ना! नोटीस असताना! हे त्याने केलं की नाही?"

"केलं. माझ्या परवानगीने."

"तुम्ही उघडायची परवानगी दिलीत?"

"ताटात ठेवायची दिली. बाहेर काढल्याशिवाय ताटात ठेवता येत नाही."

"अम्मा, तुमच्यासारख्या शिस्तीच्या बाई..."

"सर, त्या ताटापुढे तुम्हीही हात जोडले होते."

"मला काय माहीत त्यात काय होतं!"

"मलाही माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, तर त्याला आपण चोर म्हणत होतो."

ते कार्डांवर वाकले. मग एक कार्ड सरळ केलं, जे सरळच होतं. "अहवालात काय लिहिणार?"

मी लिहून आणलंच होतं. इंग्रजीत, एका पानात. चोवीस यंत्रं जागेवर आहेत. एकवीस नोंदी त्याच यंत्रांच्या दुहेरी नोंदी आहेत. आयुधपूजेसाठी सुटे भाग काढून स्वच्छ करण्यात आले, ते खाली सही करणाऱ्या समितीप्रमुखाच्या सांगण्यावरून. परत बसवताना जागा बदलल्या. जागांची नोंद ठेवायला हवी होती, ती न ठेवणं ही समितीप्रमुखाची चूक. खाली माझी सही. उभ्या नोकरीत माझ्या नावापुढे 'चूक' हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला, आणि तोही टाइप केलेला.

फाइल परत गेली नाही. जानेवारीत, पोंगलच्या सुट्टीनंतर, त्याची कायमची ऑर्डर आली. त्या दिवशी तो नेहमीच्याच बसने आला, चपला बाहेर काढल्या, चोवीस पडदे पुसले, मग लायब्ररीत येऊन माझ्या टेबलावर एक केळ्याचा घड ठेवला आणि निघून गेला. दोन हजार साल उजाडलं त्या रात्री मशीनपैकी एकही वेडं झालं नव्हतं, हेही सांगून टाकते.

ती एकवीस भुतं मात्र गेली नाहीत. इंजिनिअरला मी तीन पत्रं पाठवली. एका पत्राला उत्तर आलं, एकदा झालेली नोंद सिस्टिम पुसत नाही, फक्त 'सापडत नाही' असं दाखवते. दर महिन्याला यादी छापायची आणि दर महिन्याला मी त्या एकवीस ओळींसमोर पेन्सिलीने 'अहवाल पाहा' लिहायची. निवृत्तीच्या दिवसापर्यंत लिहिलं.

बाकी जे हातात होतं ते मी केलं. प्रत्येक मशीनच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातला, आमच्या पुस्तकांसारखा, एकदा दिला की दुसऱ्या कुणाला न देण्याचा. त्या रंगाचा अर्धा डबा उरला, तो घरी आणला. तुमचे डबे आणि झाकणं तिथून.

आणि पुढच्या आयुधपूजेला लायब्ररीच्या पुस्तकांना आत चिकटवतो ते कागदी खिसे मी चोवीस काढले, प्रत्येकावर एकेक नंबर घातला आणि अटेंडंटला बोलावून दिले. म्हटलं, एकेक कार्ड त्याच्या खिशात घाल, मग ताटात मांड.

त्याने खिसे मोजून घेतले. हलला नाही.

"काय झालं?"

"या वर्षी लेखी द्या, अम्मा."

त्याला कायम होऊन नऊ महिने झाले होते, आता त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. तरी तो तसाच उभा राहिला. मी लेटरहेड काढलं, कार्डं बाहेर काढायला परवानगी दिली आहे असं लिहिलं, तारीख घातली, सही केली, शिक्काही मारला. त्याने तो कागद दोनदा वाचला, शाई वाळेपर्यंत धरून ठेवला, मग ताटात चोवीस खिशांच्या शेजारी नीट सरळ ठेवला. मी कुंकू वाहायला लागले, तेव्हा त्याने बोट दाखवून सांगितलं, "त्यालाही लावा."